बोलोन्यात दुपारी सव्वा वाजता

इटलीची सहल ठरवायला बसलं की सगळ्यात आधी तयार होते ती यादी. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. प्रत्येक शहरात दहा-बारा ठिकाणं. मग भारतातून आलेले आई-बाबा, सुट्टीतली मुलं आणि आपण, असा सगळा लवाजमा त्या यादीमागे उन्हातान्हात पळतो. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो."

बोलोन्या या शहरात पायी फिरायचं असेल तर यादी थोडा वेळ बाजूला ठेवून घड्याळापासून सुरुवात करावी. हे शहर मिलानहून वेगवान गाडीने साधारण तासाभरावर आणि फ्लोरेन्सहून पाऊण तासाच्या आत आहे. जुनं शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-अडीच किलोमीटर, जवळजवळ सपाट आणि कमानींच्या सावलीने भरलेलं. शहराच्या मधोमध असलेल्या एका चर्चमध्ये रोज, ऊन असेल तर, सूर्य स्वतः जमिनीवर उतरतो आणि एक रेघ ओलांडून जातो. ही घटना जेमतेम सव्वादोन मिनिटं चालते आणि आपल्यासाठी थांबत नाही. बाकीचं सगळं शहर थांबतं. म्हणून आधी ही वेळ पक्की करायची आणि उरलेला दिवस तिच्याभोवती बसवायचा.

सूर्याची रेघ

चर्चचं नाव सान पेत्रोनियो. बांधकाम १३९० साली सुरू झालं आणि दर्शनी भिंतीचा वरचा अर्धा भाग आजही संगमरवराविना उघड्या विटांचा आहे. आत गेल्यावर डावीकडच्या भागात जमिनीवर एक लांबलचक रेघ दिसते. ती भिंतींना समांतर नाही, तिरकी जाते आणि खांबांच्या मधून कशीबशी निसटते. चर्चची दिशा नेमकी दक्षिणोत्तर नाही. रेघ मात्र आहे. म्हणून ती तिरकी.

ही रेघ जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ साली आखली. शनीच्या कड्यांमधली फट ज्याच्या नावाने ओळखली जाते आणि २०१७ पर्यंत शनीभोवती फिरणाऱ्या यानाला ज्याचं नाव होतं, तोच हा कॅसिनी. तेव्हा तो बोलोन्याच्या विद्यापीठात शिकवत होता. त्याने छतात, जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंचीवर, एक छोटं भोक ठेवलं. भोकाचा व्यास उंचीच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे २७ मिलिमीटर. रेघेची लांबी ६६.८ मीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा सहा लाखावा भाग.

भोकातून येणारा प्रकाश जमिनीवर नुसता ठिपका पाडत नाही, सूर्याची प्रतिमा पाडतो. झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे गोल कवडसे आपण पाहिलेले असतात. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल असतो, कारण तो सूर्याचा आकार असतो. इथेही तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. भोक जितकं उंच, तितकी प्रतिमा मोठी.

सूर्य दक्षिणेला सर्वांत उंच येतो त्या क्षणी ही प्रतिमा रेघेवर असते. ती रेघेवर कुठे पडेल हे तारखेवर ठरतं. बोलोन्या ४४.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मुंबई-पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. बोलोन्यात असं कधीच होत नाही. जूनच्या २१ तारखेलाही तो ६९ अंशांपर्यंतच चढतो आणि डिसेंबरच्या २१ला फक्त २२ अंशांपर्यंत. त्यामुळे जूनमध्ये प्रतिमा भोकाच्या खालच्या बिंदूपासून दहा-अकरा मीटरवर पडते, जेमतेम फूटभर आणि जवळजवळ गोल. डिसेंबरमध्ये ती रेघेच्या दुसऱ्या टोकाला पोचते आणि तिरप्या प्रकाशामुळे ताणली जाऊन पावणेदोन मीटरपेक्षा लांब होते. रेघेच्या बाजूला राशींची चिन्हं आहेत. आपण कोणत्या महिन्यात आलो आहोत त्यावरून कुठे उभं राहायचं ते कळतं.

प्रतिमा सरकताना साध्या डोळ्यांना दिसते. जूनमध्ये ती मिनिटाला सुमारे बारा सेंटीमीटर जाते. पृथ्वी फिरते हे आपण पाचवीपासून पाठ केलेलं असतं. इथे ते फिरणं बुटाच्या टोकाजवळून जाताना दिसतं. लहान मुलांना प्रतिमेच्या पुढच्या कडेला बोट धरायला सांगा. कड बोटाखालून निघून जाते.

एका सेंटीमीटरचा वाद

चर्चमध्ये ही भानगड कशाला? कारण ईस्टर. हा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी येतो, पण जुनं जूलियन कॅलेंडर दर वर्षी थोडं थोडं चुकत गेलं आणि सोळाव्या शतकापर्यंत संपात २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. शेवटी १५८२ साली दहा दिवस गाळले: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. हा बदल करणारा पोप तेरावा ग्रेगरी मूळचा बोलोन्याचाच. चर्चसमोरच्या पियाझ्झा माज्जोरे या चौकात, पालिकेच्या जुन्या इमारतीच्या दारावर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर ज्याच्या नावाने चालतं तो माणूस डोक्यावर बसलेला असतो आणि खालून जाणारे बहुतेक लोक वर पाहत नाहीत.

सान पेत्रोनियोत त्याआधी, १५७६ साली, इग्नाझियो दांती याने एक रेघ आखली होती. चर्च वाढवताना ती निकामी झाली आणि नवी आखण्याचं काम कॅसिनीकडे आलं. त्याने त्यात स्वतःचा एक प्रश्न घातला.

सूर्य तारकांच्या पार्श्वभूमीवर रोज सारखा सरकत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला थोडा जास्त, जुलैच्या सुरुवातीला थोडा कमी. जुन्या टॉलेमी मताप्रमाणे वेग खरा एकसारखाच असतो. सूर्य कधी जवळ, कधी दूर असल्यामुळे तो कमी-जास्त भासतो. केप्लरचं म्हणणं वेगळं होतं: यातला अर्धाच भाग अंतरामुळे, उरलेला अर्धा वेग खरोखर बदलल्यामुळे. दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवायला अंतर मोजायला हवं. सूर्याचं अंतर थेट मोजणं तेव्हा शक्य नव्हतं, पण जवळची वस्तू मोठी दिसते आणि दूरची लहान. टॉलेमीच्या हिशेबाने सूर्यबिंबाच्या आकारात वर्षभरात सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडायला हवा. केप्लरच्या हिशेबाने सुमारे साडेतीन टक्क्यांचा.

चर्चच्या जमिनीवर या दोन मतांमधला फरक फक्त एक-दोन सेंटीमीटरचा होतो. छोट्या खोलीत तो मिलिमीटरच्याही आत गेला असता. म्हणून इतकी उंच इमारत हवी होती. कॅसिनीने उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात प्रतिमेचे व्यास मोजले आणि कौल केप्लरच्या बाजूने लागला.

यातून पृथ्वी फिरते की सूर्य, हे सिद्ध झालं नाही. दोन्ही कल्पनांत आकाराचा फरक तोच येतो. पण हे मोजमाप कुठे झालं ते लक्षात घ्या. बोलोन्या पोपच्या राज्यातलं शहर होतं आणि गॅलिलिओवरच्या खटल्याला जेमतेम बावीस वर्षं झाली होती. केप्लरचं म्हणणं तपासणारं उपकरण त्याच पोपच्या राज्यातल्या चर्चच्या जमिनीत बसवलं गेलं, आणि उन्हाळी अयनदिनाला लोकांना ते पाहायला बोलावलंही गेलं.

आपली वेळ कशी काढायची

आता बेताकडे वळू. सूर्य रेघेवर नेमका किती वाजता येतो?

इटलीचं घड्याळ १५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. बोलोन्या ११.३ अंशांवर, म्हणजे त्याच्या पश्चिमेला पावणेचार अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून बोलोन्यात सूर्य घड्याळापेक्षा सुमारे पंधरा मिनिटं मागे चालतो. उन्हाळी वेळ लागू असेल तर आणखी एक तास. म्हणून सव्वा वाजता.

त्यात एक छोटी दुरुस्ती करावी लागते. पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे आणि तिची कक्षा लंबगोल असल्यामुळे सूर्याचं घड्याळ कधी आपल्या घड्याळाच्या पुढे जातं, कधी मागे पडतं. दुसरं कारण म्हणजे कॅसिनीने जमिनीवर मोजलेलीच गोष्ट. दोन्ही धरून बोलोन्यातल्या वेळा साधारण अशा येतात:

१५ जानेवारी: १२.२४
१५ फेब्रुवारी: १२.२९
१५ एप्रिल: १.१५
१५ मे: १.११
१५ जून: १.१५
१५ जुलै: १.२१
१५ ऑगस्ट: १.१९
१५ सप्टेंबर: १.१०
१५ ऑक्टोबर: १.००
१५ नोव्हेंबर: ११.५९
१५ डिसेंबर: १२.१०

एक-दोन मिनिटं इकडेतिकडे धरून किमान पंधरा मिनिटं आधी पोचा. मात्र एक गोष्ट आदल्या दिवशी नक्की तपासा. इटलीतली बरीच चर्च दुपारी बंद होतात, आणि उन्हाळ्यात सूर्याची वेळ नेमकी त्याच सुमाराला येते. त्या दिवशी चर्च दुपारी किती वाजेपर्यंत उघडं आहे आणि प्रार्थना कधी आहे, हे अधिकृत संकेतस्थळावर पाहून मगच दिवस ठरवा. मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नका आणि खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला.

आठ ठिकाणं, चाळीस हजार क्रम

समजा आपल्या यादीत आठ ठिकाणं आहेत. ती किती वेगवेगळ्या क्रमांनी पाहता येतील? आठ गुणिले सात गुणिले सहा, असं एकपर्यंत गेलं की उत्तर येतं ४०,३२०. दहा ठिकाणं घेतली तर छत्तीस लाखांच्या वर. सगळ्यात कमी चालण्याचा क्रम शोधणं हा गणितातला एक प्रसिद्ध अवघड प्रश्न आहे, आणि आपण तो रात्री अकरा वाजता हॉटेलच्या खोलीत सोडवायला बसतो.

वेळेचं बंधन आलं की हा प्रश्न अवघड होण्याऐवजी सोपा होतो. एक ठिकाण सव्वा वाजता ठरलं की यादीचे दोन तुकडे पडतात: आधीची आणि नंतरची. सकाळी चार, दुपारनंतर तीन, असं वाटलं की प्रत्येक तुकड्यात मोजकेच क्रम उरतात: चारांचे चोवीस, तिघांचे सहा. नकाशावर बोट ठेवूनही ते जुळवता येतात.

चालण्याचा वेग ठरवताना फोनवरच्या नकाशावर विसंबू नका. तो तासाला साडेचार-पाच किलोमीटर धरतो. आई-बाबा आणि मुलं बरोबर असतील तर तीन धरा, आणि वाटेत थांबत जायचं असेल तर दोन. स्टेशनापासून पियाझ्झा माज्जोरे सुमारे दीड किलोमीटर आहे. फोन वीस मिनिटं दाखवेल. आपण अर्धा तास धरायचा.

सावलीचा नकाशा

बोलोन्याच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानी आहेत. इटालियन भाषेत त्यांना पोर्तिको म्हणतात. आपल्या देवळांच्या आवारात ओवऱ्या असतात तशा, फक्त रस्त्याच्या कडेने मैलोन् मैल पसरलेल्या. शहरात सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मूळ कारण जागेची टंचाई: विद्यापीठामुळे शहरात गर्दी वाढली, लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालून खांबांचा आधार दिला. १२८८ सालच्या नियमात पोर्तिकोची उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे २.६६ मीटर, ठरवली होती. घोडेस्वाराला खालून जाता यावं, हा हिशेब. जमीन घरमालकाची, पण वाट सगळ्यांची, असा हा व्यवहार आजही चालू आहे.

उन्हाळ्यात या ओवऱ्या नेमकं काय करतात ते मोजता येतं. दक्षिणेकडे उघडी असलेली चार मीटर उंच कमान घ्या. जूनच्या मध्यान्ही सूर्य ६९ अंशांवर असतो, तेव्हा ऊन कमानीतून फक्त दीड मीटर आत येतं. बाकी सगळी सावली. डिसेंबरमध्ये सूर्य २२ अंशांवर असल्यामुळे तेच ऊन जवळजवळ दहा मीटरपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे थेट आतल्या भिंतीपर्यंत. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, तेही कुठलंही यंत्र न लावता.

सकाळ-संध्याकाळ मात्र सूर्य खाली असतो आणि तिरपा आत शिरतो. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा. दक्षिणोत्तर रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या बाजूने चाला आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या बाजूने; म्हणजे सूर्य नेहमी इमारतीच्या मागे राहतो.

ही चैन नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बोलोन्याचं तापमान तिशी सहज ओलांडतं, उष्णतेच्या लाटेत पस्तिशीही. दुबई-दोह्यातले वाचक हसतील, पण तिथे आपण वातानुकूलित गाडीतून वातानुकूलित मॉलमध्ये जातो. इथे चालायचं आहे. उन्हाळ्याच्या मध्यान्ही दर चौरस मीटरवर सुमारे ९०० वॉट उष्णता सूर्याकडून येते. सावलीत हवा तेवढीच गरम असली तरी हा थेट मारा थांबतो. वय वाढलं की तहान कमी लागते आणि घामही उशिरा येतो, त्यामुळे सत्तरीतल्या माणसाला आपलं अंग तापलंय हे आपल्याइतक्या लवकर कळत नाही. "पाणी हवंय का?" असं विचारलं तर उत्तर "नको" येणार. म्हणून विचारू नका. दर अर्ध्या तासाने बाटली हातात द्या. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील, किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर किती प्यायचं ते निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारून ठेवा.

सकाळचा फेरा

जुलैतला एक दिवस धरू. नऊ वाजता स्टेशन. बाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ दिसेल, १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं. २ ऑगस्ट १९८० रोजी याच वेळी इथे बाँबस्फोट झाला आणि ८५ माणसं गेली. ते घड्याळ आठवण म्हणून तसंच ठेवलं आहे.

तिथून व्हिया देल्ल'इंदिपेंदेन्झा या सरळ रस्त्याने कमानीखालून दक्षिणेला चालायचं. सकाळची वेळ आहे, म्हणून डाव्या हाताची, पूर्वेकडची बाजू. रस्ता संपतो तिथे डावीकडे वळलं की पाचेक मिनिटांत दोन मनोरे दिसतात. उंच तो असिनेल्ली, ९७ मीटर. बुटका आणि जास्त कललेला तो गारिसेंदा, ४८ मीटर. गारिसेंदा पूर्वी अधिक उंच होता. खालची जमीन खचू लागल्यामुळे चौदाव्या शतकात त्याचा वरचा भाग उतरवावा लागला. दान्तेने तो पूर्ण उंचीचा असताना पाहिला होता. कललेल्या बाजूला उभं राहून वर पाहताना मागून ढग सरकला की मनोराच आपल्या अंगावर येतोय असं वाटतं, हा दृष्टिभ्रम त्याने आपल्या 'इन्फेर्नो'त एका राक्षसाच्या वर्णनासाठी वापरला आहे. दोन वस्तूंपैकी कोणती हलतेय हे ठरवताना मेंदू मोठ्या पार्श्वभूमीला स्थिर मानतो. प्लॅटफॉर्मवर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटल्यासारखी वाटते, त्यातलाच हा प्रकार.

असिनेल्लीच्या ४९८ पायऱ्या चढायचा बेत मात्र आखू नका. गारिसेंदाच्या हालचाली चिंताजनक वाटल्यामुळे ऑक्टोबर २०२३ पासून त्याच्याभोवतीचा परिसर बंद केला आणि शेजारचा असिनेल्लीही. मजबुतीचं काम अनेक वर्षं चालणार आहे. दुरून पाहा, आणि या मनोऱ्याने काय काम केलंय ते मुलांना सांगा. सतराव्या शतकात रिच्चोली या जेझुइट पाद्र्याने असिनेल्लीवरून गोळे सोडले आणि लंबकाच्या आंदोलनांनी वेळ मोजली. पडलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे गॅलिलिओचं म्हणणं त्याला खरं आढळलं. गंमत अशी की रिच्चोली स्वतः पृथ्वी स्थिर मानणाऱ्यांपैकी होता. पुढे १७९१ साली गुल्येल्मिनीने याच मनोऱ्याच्या आतून गोळे सोडून, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते किंचित पूर्वेला पडतात का ते तपासलं. ७८ मीटर उंचीवरून हा फरक गणिताने जेमतेम एक सेंटीमीटर येतो. या शहरात मोठमोठे वाद सेंटीमीटरवर सुटलेत.

मनोऱ्यांपासून व्हिया झाम्बोनीने दहा मिनिटांत पालाझ्झो पोज्जी. बोलोन्याचं विद्यापीठ आपली स्थापना १०८८ सालची मानतं आणि ही इमारत त्याचं मुख्यालय. आतल्या संग्रहालयात अॅना मोरांदी मान्झोलिनी हिने अठराव्या शतकात मेणात घडवलेले शरीराचे भाग आहेत. याच शहरात १७३२ साली लॉरा बास्सी हिला पदवी मिळाली आणि ती विद्यापीठात प्राध्यापक झाली. न्यूटनचं भौतिकशास्त्र ती आपल्या घरी प्रयोग करून शिकवत असे. घरात मुली असतील तर इथे दहा मिनिटं जास्त ठेवा.

पावणेबाराला बाहेर पडून चौकाकडे परत. वाटेत काहीतरी खाऊन घ्या. पाऊण वाजता सान पेत्रोनियोत, डावीकडे, कर्क राशीच्या चिन्हाच्या आसपास.

पाय का दुखतात

सूर्य पाहून झाला की दोन तास काहीही ठेवू नका. याला कारण आहे. तासभर चालण्यापेक्षा तासभर संग्रहालयात रेंगाळणं जास्त थकवतं. चालताना पोटरीचे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. दोन पावलं टाकायची, मग थांबून पाटी वाचायची, असं केलं की हा पंप नीट चालत नाही, रक्त खाली साचतं आणि पाय जड होतात. त्यात मान वर, मान खाली, आणि दर मिनिटाला नवी माहिती. 'संग्रहालयाचा थकवा' हा विषय बेंजामिन गिल्मन याने १९१६ सालीच मांडला होता. उपाय साधा आहे: दिवसाला दोनच संग्रहालयं, आणि दोन्हींच्या मध्ये बसून जेवण.

चार वाजता उतरत्या उन्हात चर्चच्या मागच्या बाजूला जा. तिथे आर्किजिन्नाझियो ही १५६३ सालची विद्यापीठाची जुनी इमारत आहे. वर लाकडी शवविच्छेदन सभागृह आहे, १६३७ साली बांधायला घेतलेलं. मधोमध संगमरवरी टेबल आणि भोवती विद्यार्थ्यांचे चढते बाक. जानेवारी १९४४ मधल्या बाँबहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं, पण ढिगाऱ्यातून वेचलेले मूळ तुकडे वापरून पुन्हा उभं केलं. बाहेर चौकात लुइजी गॅल्व्हानीचा पुतळा आहे. त्याच्या हातातल्या फळीवर नीट पाहा, बेडूक आहे. बेडकाचे पाय धातूच्या स्पर्शाने उडतात, हे त्याचं निरीक्षण. वीज बेडकात आहे की धातूंत, यावरून व्होल्टाशी त्याचा वाद झाला आणि त्या वादातून १८०० साली पहिली बॅटरी निघाली. या दुपारचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत त्याची वंशावळ या बेडकापर्यंत जाते.

दुसरा दिवस असेल तर

पोर्तिको सारागोझ्झा दरवाजापासून शहराबाहेर सान लुकाच्या टेकडीवर चढते. सुमारे ३.८ किलोमीटर, ६६६ कमानी, सगळी वाट छपराखाली. इथे नेस्मिथचा जुना नियम कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. चढ सुमारे सव्वादोनशे मीटर धरला तर ४६ अधिक २२, म्हणजे एक तास आठ मिनिटं. हा वेळ न थांबणाऱ्या, धडधाकट माणसाचा. आपण पावणेदोन तास धरा. पहिला अर्धा भाग सपाट आहे, मेलोंचेल्लोच्या कमानीनंतर खरी चढण. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी चौकातून पर्यटकांची छोटी गाडी वर जाते. अर्ध्यांनी चालत जावं, अर्ध्यांनी गाडीने, वर भेटावं. उन्हाळ्यात ही चढण सकाळी आठला सुरू करा.

आणि ढग आले तर? सूर्य दिसणार नाही, पण रेघ तिथेच असेल. शक्य असेल तर बोलोन्यात एक रात्र मुक्काम ठेवा, म्हणजे दुसरी दुपारही हाताशी राहते. तेही नाही जमलं तर अशी रेघ रोमच्या सान्ता मारिया देल्यी आंजेली चर्चमध्ये आहे, मिलानच्या मुख्य कॅथेड्रलमध्येही आहे. मिलान पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य आठ-नऊ मिनिटं उशिरा येतो, रोममध्ये चार-पाच मिनिटं लवकर. चार मिनिटांना एक अंश, हिशेब तोच.

निघण्याआधी हा प्रयोग घरी करून पाहा. दुबई ५५.३ अंशांवर, तिचं घड्याळ ६० अंशांवर, म्हणून सूर्याची दुपार सरासरी १२ वाजून १९ मिनिटांनी. न्यू जर्सीत घड्याळ ७५ अंश पश्चिमेचं आणि रेखांश साधारण ७४.५, म्हणून उन्हाळ्यात एकच्या दोन मिनिटं आधी. लंडनमध्ये उन्हाळ्यात बरोबर एकच्या आसपास. दक्षिणेच्या खिडकीत जाड पुठ्ठा लावून त्याला एक भोक पाडा आणि त्या वेळेला जमिनीवर कवडसा पडेल तिथे खडूने खूण करा. दर रविवारी तारखेप्रमाणे वेळ दुरुस्त करून अशीच एक खूण करा. दोन महिन्यांत मुलांच्या लक्षात येईल की खुणा एका सरळ रेघेत सरकत चालल्या आहेत. मग बोलोन्यातल्या त्या ६६.८ मीटरच्या रेघेपाशी उभं राहिल्यावर ती काय आहे, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.